गाडीचा रेडिएटर घरी उतरवताना: आजूबाजूचं काही न मोडता

लहान पेट्रोल गाडीचा रेडिएटर धरून ठेवणारे बोल्ट मोजून दोन, फार तर चार असतात. मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा ते दहा मिनिटांत निघाले, आणि उरलेली दुपार एका मोडलेल्या तोंडापायी गेली. वरचा होज पाइप रेडिएटरच्या तोंडाला चिकटून बसला होता. मी मध्ये पेचकस खुपसून तो उचकटला, आणि बारा वर्षं उष्णता खाल्लेलं प्लास्टिकचं तोंड टाकीपासून तुटून हातात आलं. जो रेडिएटर नुसता धुऊन परत बसवायचा होता, त्याच्या जागी नवा घ्यावा लागला.

तेव्हापासून मी या कामाकडे एकाच नजरेनं पाहतो: रेडिएटर बाहेर काढणं सोपं आहे, आजूबाजूचं काही न मोडता काढणं हे खरं काम. पुढे लिहिलेली प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे. इथे डोळ्यांसमोर धरली आहे ती आपल्याकडची नेहमीची हॅचबॅक: पुढे आडवं बसवलेलं इंजिन, विजेवर चालणारा पंखा, रेडिएटरपुढे एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीचा गॅस थंड करणारी जाळी. गाडीगणिक तपशील बदलतात, त्यामुळे तुमच्या मॉडेलची माहितीपुस्तिका जवळ असू द्या.

आधी खात्री करा

घाटात गाडी तापली की पहिला संशय रेडिएटरवर जातो. पण खंडाळ्याच्या चढावर काटा वर जाण्यामागे थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याला रेडिएटरकडे वाट देणारा व्हॉल्व्ह) न उघडणं, पंखा न फिरणं, वॉटर पंप झिजणं किंवा झाकणाचं रबर कडक होणं, यातलं काहीही असू शकतं. ही सगळी कामं रेडिएटर न उतरवता होतात, म्हणून आधी ती तपासा.

थंड इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखा फिरू लागतो. पंखा फिरलाच नाही तर फ्यूज आणि रिले पाहा. इंजिन तापलं, वरचा होज कढत झाला, पण खालचा बराच वेळ गारच राहिला, तर थर्मोस्टॅट अडकल्याची शक्यता मोठी. इंजिन ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल, किंवा झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेल्याचा संशय घ्या. तिथे रेडिएटर काढून काहीच हाती लागणार नाही.

रेडिएटर उतरवायचाच, असं ठरवायला पुढची लक्षणं पुरेशी आहेत: ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी जिथे जुळतात तिथे ओल किंवा पांढरट-हिरवट खपली, जाळीच्या मधल्या भागात ओला डाग, बोटानं हलकं दाबताच चुरा होणारे पत्रे, किंवा आतून क्षारांनी तुंबलेल्या नळ्या. हे शेवटचं दुखणं आपल्याकडे फार दिसतं, कारण वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं जातं. त्या पाण्यातले क्षार घरच्या गीझरमध्ये जसे साचतात, तसेच इथेही साचतात.

गाडी पूर्ण थंड

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी उघडावी, हे सगळ्यात उत्तम. ते जमत नसेल तर बंद केल्यावर निदान तीन तास थांबा, आणि वरचा होज हातात धरून पाहा. तो कोमट लागला तरी अजून थांबा.

कारण समजलं की ही घाई आपोआप सुटते. झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा कोरलेला दिसेल. झाकण बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जास्तीचा दाब आत धरून ठेवतं. महाबळेश्वरला, साधारण 1,370 मीटर उंचीवर, उघड्या पातेल्यातलं पाणी 95-96 अंश सेल्सिअसलाच उकळतं. समुद्रसपाटीला 0.9 बारच्या झाकणाखाली तेच पाणी 118 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. म्हणजे तापलेल्या इंजिनात शंभरीपलीकडचं पाणी केवळ दाबामुळे पाणी म्हणून राहिलेलं असतं. झाकण फिरवलं की दाब जातो, त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि उकळतं कूलंट (रेडिएटरमधलं पाणी आणि रसायनाचं मिश्रण) चेहऱ्यावर, हातांवर उसळतं. जाड फडकं हातात असलं तरी तापलेलं झाकण उघडू नका.

जवळ काय हवं

8, 10, 12 आणि 14 मिलिमीटरच्या गोट्या (सॉकेट), रॅचेट आणि लांब एक्स्टेन्शन, चपटा आणि फुलीचा पेचकस, स्प्रिंगच्या क्लिपसाठी पक्कड, पसरट घमेलं किंवा जुनी परात, झाकणाचा कॅन, नरसाळं, फडकी, हातमोजे, चष्मा. त्याशिवाय रेडिएटरच्या आकाराचे जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे आणि थोडी सुतळी. पुठ्ठा कशाला, ते पुढे येईल. विसरू मात्र नका.

बोल्ट ठेवायला मी जुन्या इडलीपात्राची एक ताटली वापरतो. पहिल्या खड्ड्यात वरच्या पट्टीचे बोल्ट, दुसऱ्यात पंख्याचे, तिसऱ्यात कंडेन्सरचे. बसवताना उलट्या क्रमानं उचलत जायचं. दिसायला सारखे असलेले दोन बोल्ट लांबीनं वेगळे असतात, आणि लांब बोल्ट आखूड बोल्टच्या जागी गेला तर तो जाळीतही घुसू शकतो. सुरुवात करण्याआधी मोबाइलवर वरून, डावीकडून, उजवीकडून फोटो काढा. क्लिपचे कान कुठल्या दिशेला आहेत, वायर कुठल्या हुकातून गेली आहे, हे दुपारी आठवत नाही.

बॅटरी आणि खालचं कव्हर

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, बहुधा 10 चा पाना लागतो. काही गाड्यांत चावी काढलेली असली तरी पंख्याला थेट वीज मिळते आणि तो अचानक फिरू शकतो. त्या वेळी बोटं पात्यांमध्ये असू नयेत.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावून उभी करा. खालून हात घालायला जागा नसेल तर पुढचा भाग जॅकनं उचलून दोन्ही बाजूंना जॅक स्टँड लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं किंवा हात घालू नका. विटाही वापरू नका, त्या भाराखाली न सांगता फुटतात. इंजिनाखालचं प्लास्टिकचं कव्हर असेल तर ते काढा. त्याच्या खुंट्यांचं मधलं बटण बहुधा आधी वर उचलायचं असतं. सरळ ओढली तर खुंटी तुटते.

कूलंट काढणं

रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात ड्रेन कॉक असतो, बऱ्याच गाड्यांत प्लास्टिकचा. घमेलं खाली सरकवा आणि कॉक हातानं सावकाश फिरवा. आधी वरचं झाकण बंदच असू द्या, धार बारीक येते आणि अंगावर उडत नाही. धार लागली की झाकण उघडा, मग हवा आत शिरते आणि रेडिएटर भराभर रिकामा होतो.

कॉक हलत नसेल तर त्याला पकडीनं पिळू नका. त्याचं मुंडकं तुटलं की उरलेला तुकडा काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं. कॉक तसाच सोडा आणि खालच्या होजची क्लिप मागे घेऊन पाइपाच्या तोंडाशीच कूलंट काढा. पसारा थोडा वाढतो, पण काही मोडत नाही.

निघालेलं कूलंट मापून वहीत लिहून ठेवा. नंतर किती भरायचं, याचा अंदाज त्यावरून येतो. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या नळ्यांत काही भाग मागे राहतोच. रंगही पाहा. विटकरी गढूळ असेल तर आत गंज आहे. वर तेलाचा तवंग असेल तर शोध पुढे न्यावा लागेल.

एका गोष्टीकडे मी फार गांभीर्यानं पाहतो. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असतं आणि अत्यंत विषारी असतं. पोटात गेल्यावर त्यापासून ऑक्झलेटचे स्फटिक बनतात आणि मूत्रपिंडं निकामी होतात. सोसायटीच्या पार्किंगमधली कुत्री-मांजरं सांडलेलं थारोळं चाटतात. अगदी थोड्या प्रमाणातही मांजर दगावू शकतं. घमेलं भरलं की लगेच कॅनमध्ये ओता, झाकण लावा, फरशी पाण्यानं धुऊन फडक्यानं पुसा. गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. वापरलेलं ऑइल गोळा करणारं एखादं गॅरेज ते घेतं का, ते आधीच विचारून ठेवा. आणि लहान मुलांच्या हाती लागेल अशा पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते कधीही भरू नका.

होज पाइप: इथे वेळ द्या

वरचा होज, खालचा होज, आणि झाकणाच्या तोंडाशेजारून राखीव टाकीकडे जाणारी बारीक नळी, असे तीन पाइप सुटायला हवेत. क्लिप स्प्रिंगची असेल तर तिचे दोन कान पकडीनं दाबून ती पाइपावर चार बोटं मागे सरकवा. स्क्रूची असेल तर पूर्ण ढिली करून मागे घ्या. पाइपावर क्लिपचा जुना वळ दिसेल, परत बसवताना क्लिप त्याच वळावर यायला हवी.

आता पाइप ओढू नका. दोन्ही हातांनी धरून मधल्या अक्षाभोवती पिळा, डावीकडे, उजवीकडे. रबर तोंडापासून सुटलं की हाताला लगेच कळतं, पाइप सहज गोल फिरू लागतो. त्यानंतरच बाहेर घ्या. हलत नसेल तर पाइपाच्या कडेला कोमट पाणी सोडा, पाच मिनिटं थांबा आणि परत पिळा. पेचकसाचं टोक आत घालून तोंडाचा टेकू घेऊन उचकटणं, हीच ती चूक, जिचे पैसे मी मोजले आहेत. पाइप नाहीतरी बदलायचाच असेल तर ब्लेडनं लांबीच्या दिशेनं चिरा आणि सालासारखा सोलून काढा. ब्लेड प्लास्टिकपर्यंत पोचू देऊ नका.

बारीक नळीचं टोक सगळ्यात नाजूक असतं. तिथेही आधी पिळायचं, मग काढायचं.

होज हातात आलेच आहेत तर दाबून पाहा. टोकाशी फुगलेला, भेगा पडलेला किंवा मध्येच पिचपिचीत लागणारा होज परत लावू नका.

पंखा

पंख्याच्या कनेक्टरची कुलुपासारखी जीभ दाबा आणि कनेक्टरचं अंग धरून ओढा, वायर धरून नाही. उष्णतेनं ही जीभ ठिसूळ होते, म्हणून अंगठ्यानं, हळू. रेडिएटरवर तापमानाचा स्विच असेल तर त्याची वायरही सोडवा. मग पंख्याच्या चौकटीचे बोल्ट काढून पंखा वर उचलून घ्या. काही गाड्यांत तो खालून निघतो. पंखा आणि रेडिएटर एकत्रही निघतात, पण जागा अरुंद असते. पंखा आधी काढला की पुढचं सगळं डोळ्यांना नीट दिसतं. काढताना पाती जाळीवर घासू देऊ नका.

गाडी ऑटोमॅटिक असेल आणि रेडिएटरच्या टाकीत गिअर ऑइलच्या दोन नळ्या जात असतील, तर त्या सोडवताना दुसऱ्या पान्यानं टाकीकडचा नट धरून ठेवा. नळ्यांची तोंडं लगेच स्वच्छ बूच लावून बंद करा. त्यात कूलंट किंवा माती गेली तर गिअरबॉक्स बिघडतो, आणि तो खर्च रेडिएटरच्या कितीतरी पट असतो.

कंडेन्सर वेगळा करणं

पुढून पाहिलं तर आधी दिसतो तो एसीचा कंडेन्सर, रेडिएटर त्याच्या मागे असतो. काही गाड्यांत दोन्ही वेगवेगळे बसवलेले असतात, काहींत कंडेन्सर रेडिएटरलाच दोन-चार बोल्ट किंवा खाचांनी जोडलेला असतो. फक्त हे बोल्ट काढायचे. कंडेन्सरला जोडलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे नट हे दिसायला तितकेच सोपे असले तरी त्यांना पाना लावू नका. आत दाबाखाली गॅस असतो. अंगावर आला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. शिवाय बऱ्याच गाड्यांच्या एसीत असणारा आर-134ए हा वायू तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक घातक आहे. कंडेन्सर काढल्याशिवाय रेडिएटर निघतच नसेल, तर आधी एसीवाल्याकडे जाऊन यंत्रानं गॅस काढून घ्या.

बोल्ट काढल्यावर कंडेन्सर सुतळीनं वरच्या आडव्या पट्टीला बांधा. तो स्वतःच्या नळ्यांवर लटकला तर नळी सांध्याशी चिरते आणि एसी जातो. आता पुठ्ठ्याचा एक तुकडा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मध्ये सरकवा. दुसरा रेडिएटर आणि इंजिन यांच्या मध्ये.

उचलणं

रेडिएटर वरच्या बाजूला दोन पट्ट्यांनी धरलेला असतो, खाली दोन खुंट्या रबरी बुशांत बसलेल्या असतात. वरच्या पट्ट्यांचे बोल्ट काढा. कुठे आडवी पट्टीच सोडवावी लागते, कुठे पुढचा बंपर उतरवल्याशिवाय जागा होत नाही. तसं असेल तर बंपर काढायचा कंटाळा करू नका. वाकवून, तिरपा करून, ओढून काढलेला रेडिएटर कंडेन्सरची जाळी खरवडतोच.

दोन्ही हातांनी टाक्यांना धरा, जाळीला नाही. सरळ वर उचला. अडला तर ताकद न लावता थांबून पाहा. बहुतेकदा एखादी वायर हुकात राहिलेली असते, किंवा खालची खुंटी बुशात चिकटलेली असते. खुंटी थोडी डावी-उजवी हलवली की सुटते. आत उरलेलं पावशेरभर कूलंट सांडेल, म्हणून फडकं खाली असू द्या. खालचे रबरी बुश मोजा. एखादा खुंटीला चिकटून वर येतो आणि जुन्या रेडिएटरबरोबर भंगारात जातो.

उतरलेला रेडिएटर काय सांगतो

तो पुठ्ठ्यावर आडवा ठेवा आणि उजेडात पाहा. जाळीत किडे, माती, उसाचं पाचट अडकलं असेल तर इंजिनाच्या बाजूनं पाण्याचा हलका झोत सोडा. वाहनं धुतात त्या जोरदार पंपानं पत्रे आडवे होतात.

गळती कुठे आहे हे कळत नसेल तर रेडिएटरवाल्याकडे न्या. तो तोंडं बंद करून, आत थोडी हवा भरून, हौदात बुडवतो, आणि बुडबुडे जागा दाखवतात. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर तिथे डाग (सोल्डर) देता येतो, नळ्यांतून सळई फिरवून रॉडिंगही होतं, आणि असा रेडिएटर पुढे बरीच वर्षं चालतो. ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी असेल तर माझं स्पष्ट मत आहे: टाकीला तडा गेला असेल तर एपॉक्सी लावून पैसे आणि दिवस घालवू नका, नवा घ्या. उष्णता, दाब आणि कंप यांत तो लेप टिकत नाही.

रस्त्यात गळती लागली तर रेडिएटरमध्ये हळद टाकायची रीत ट्रकवाल्यांमध्ये जुनी आहे. बारीक छिद्र तिनं तात्पुरतं बुजतंही, आडरानात गावापर्यंत पोचायला ती कामाला येते. पण हाच गाळ पुढे हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो. कोणी हळद किंवा गळती थांबवणारी पावडर टाकली असेल, तर आता रेडिएटर बाहेर आहे तोवर इंजिनाच्या आतले कूलंटचे मार्गही साध्या पाण्यानं धुऊन घ्या.

नवा आणला तर बसवण्याआधी दोन्ही शेजारी ठेवा. तोंडांचा व्यास, खुंट्यांमधलं अंतर, पंख्याच्या बोल्टची भोकं, स्विचची जागा, सगळं जुळायला हवं. एकाच मॉडेलच्या एसी आणि बिनएसी गाड्यांचे रेडिएटर वेगळे असू शकतात.

परत बसवताना

क्रम उलटा. खालच्या खुंट्या बुशात नीट बसल्या आहेत हे हात घालून पाहा. सगळे बोल्ट आधी बोटांनी दोन-तीन आटे फिरवून मग पाना लावा. प्लास्टिकमध्ये जाणारे बोल्ट टेकले की थांबा. होज घट्ट जात असेल तर आतून थोडं कूलंट लावा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, खनिज तेलानं हे रबर फुगतं आणि सैल पडतं. ड्रेन कॉक बंद केला का, हे बोटानं तपासा. पुठ्ठे आणि सुतळी काढली का, तेही.

भरणं आणि हवा काढणं

कूलंट माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचंच घ्या. रंगावरून ठरवू नका, हिरवं आणि गुलाबी यांचा कुठलाही ठराविक नियम नाही. दोन प्रकार मिसळले तर गंज रोखणारी द्रव्यं निकामी होऊ शकतात, गाळही धरू शकतो. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालू नका. अर्क असेल तर बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर, साधारण निम्मं-निम्मं.

बॅटरी जोडा. हीटर पूर्ण गरम करून ठेवा, म्हणजे ज्या गाड्यांत हीटरला व्हॉल्व्ह असतो तिथे तोही उघडा राहतो. नरसाळ्यानं सावकाश ओता, मध्येमध्ये वरचा होज दाबत राहा, बुडबुडे वर येतील. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो ढिला करून सलग धार येईपर्यंत भरा. मग झाकण उघडं ठेवून इंजिन आयडलवर चालवा. पातळी उतरेल तशी भरा. वरचा होज गरम होऊ लागला की झाकण लावा आणि पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. या वेळात टॉर्चनं खाली पाहा, थेंब कुठे आहे का. आतल्या हीटरची हवा गरम यायला हवी. इंजिन तापलं आणि हीटर गार, तर आत अजून हवा अडकली आहे.

बऱ्याच लहान गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, थंड इंजिनाला निळा दिवा आणि जास्त तापल्यावर लाल दिवा एवढंच. तुमची गाडी तशी असेल तर पहिली फेरी घराजवळच्या सपाट रस्त्यावर, वीस मिनिटांची. घाट नंतर.

परत आल्यावर गाडी पूर्ण थंड होऊ द्या, झाकण उघडून पातळी पाहा, हमखास थोडी उतरलेली असेल. राखीव टाकीवर चिकटपट्टीनं पातळीची खूण करा, त्यावर तारीख लिहा, आणि पुढच्या तीन सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, ती खूण आणि गाडीखालची फरशी दोन्ही पाहा.